जुन्या मंडळींची नवी चाल

एखादी जुनी, नावाजलेली गायक मंडळी आपली ठरलेली वाट सोडून चारचौघांस चटकन रुचेल असे गाऊ लागली, की तिच्या निष्ठावंत श्रोत्यांस जे दुःख होते ते विलक्षण असते. वडिलार्जित मळा कोणी न विचारता विकावा, तसे त्यांस वाटते. वास्तविक मळा त्यांचा नसतो; परंतु इतकी वर्षे आपण त्याच्या बांधावर बसलो, या नात्याने ते त्यावर हक्क सांगतात.

आमच्या निफाडच्या घरात हे दुःख दोन पिढ्यांत वाटून घेतले गेले आहे. आमच्या तीर्थरूपांस नाट्यसंगीत ‘सिनेमाच्या वळणाने’ गेल्याचे शल्य, तर पुतण्यास ‘जेनेसिस’ नामक विलायती वाद्यवृंदाचे. १९६७ साली जमलेल्या या मंडळीने १९७२ च्या सुमारास वीस मिनिटांहून लांब असे पद रचिले. १९७५ साली तिचा मुख्य गायक निघून गेला, आणि पुढे १९८६ च्या ‘इन्व्हिजिबल टच’मध्ये तीच मंडळी चार-पाच मिनिटांची, पाय ठेका धरतील अशी गाणी बहुसंख्येने घेऊन आली. त्यांतील एक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकास पोहोचले. “काका, हे गल्ल्याकडे पाहून गाणे झाले,” असे पुतण्या कळवळून म्हणतो. आजोबा व नातू यांचे इतर बाबतींत फारसे जमत नाही. या एका तक्रारीपुरते मात्र दोघे एका पाटावर बसतात.

या तक्रारीचे वय पाहू गेल्यास ती आमच्या रंगभूमीवर सव्वाशे वर्षांहून जुनी निघते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणिले व १८८२ साली ‘सौभद्र’. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा कीर्तनातून कानांवर पडलेल्या वृत्तांनी ती पदे घराघरांत शिरली. पुढे अण्णासाहेब गेले, आणि १८९६ साली त्याच किर्लोस्कर मंडळीने श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ केले. त्यातील चाली पारशी-उर्दू रंगभूमीच्या वळणाच्या. तरुण प्रेक्षक त्यांवर लुब्ध झाले, आणि जुन्या रसिकांनी नाके मुरडली.

परंतु ज्या शुद्ध किर्लोस्करी गाण्यासाठी अश्रू ढाळावयाचे, त्याचे मूळ कोठे होते? पारशी मंडळीचा संगीत खेळ पाहूनच अण्णासाहेबांच्या मनात मराठी संगीत नाटकाची कल्पना उगवली, असे नाट्येतिहासकार सांगतात. म्हणजे ज्या बाजारातून आणल्याचा ठपका कोल्हटकरांवर आला, त्याच बाजारात पहिली ठिणगीही पडली होती!

येथे आमच्या गावच्या सुपुत्राचे स्मरण होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडास जन्मले. ‘वीरतनय’ आल्याच्या पुढल्याच वर्षी, १८९७ साली, अमरावतीच्या सामाजिक परिषदेत त्यांनी पुनरुज्जीवनवाद्यांस विचारिले, की जुने परत आणावयाचे म्हणता, तर ते कोणत्या काळचे जुने? प्रश्न रूढींविषयी होता. परंतु तो गाण्यासही तंतोतंत लागू पडतो. ज्याने त्याने आपल्या पंचविशीत ऐकिले तेच जुने व तेच शुद्ध, असे ठरविल्यास घरात जितकी माणसे तितकी शुद्धे होतील.

मग सारेच सारखे, असे म्हणून स्वस्थ बसावे काय? तसे आम्हांस वाटत नाही. निफाडच्या द्राक्षबागांत डॉगरिज नावाचा परदेशी, रानटी खुंट लावून त्यावर थॉमसनचे कलम करितात. खुंट परका व वाणही परका. परंतु खारवट जमीन व तोटके पाणी तो सोसतो, आणि घड आमचा म्हणून मिरवितो. शेतकरी खुंटाचे गोत्र विचारीत नाही. सांधा जुळला की नाही, हे पाहतो.

गाण्यासही हीच कसोटी लावावी. कोल्हटकरांच्या कित्येक पदांत चालीसाठी शब्दांस पिळा बसला आणि अर्थ दुर्बोध झाला. आज ती पदे क्वचितच कानी येतात. उलट १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीच्या रंगाच्या चाली दिल्या. त्याही बाहेरच्याच, परंतु शब्द, स्वर व बालगंधर्वांचा गळा यांचा सांधा असा जुळला, की आज तेच ‘अस्सल मराठी नाट्यसंगीत’ ठरले आहे.

पैशाकडे पाहणे हेही मूळचे पाप नव्हे. गंधर्व मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला आणि बोलपट आला, तेव्हा १९३५ साली स्वतः बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. रात्रभर रंगणारा तो गळा पडद्याच्या मापात सुखी नव्हता, व ते रंगभूमीकडे परतले. उलट टेंबे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त संगीतही देऊन गेले आणि हरिश्चंद्रही झाले. पुढे १९६४ साली नाशिकच्या वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’स आणि १९६६ साली, आमच्याच तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथे बालपण गेलेल्या कुसुमाग्रजांच्या ‘ययाति आणि देवयानी’स जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिले. त्यांनी पदे आटोपशीर केली. ते गल्ल्यासाठी की रसासाठी, हा वाद आता कोणी घालीत नाही. पदे मात्र गाइली जातात.

तरीही एक हानी आम्ही नाकारीत नाही. साकी-दिंडी म्हणावयास कोणा उस्तादाचा गंडा बांधावा लागत नसे. माजघरातील बायका व ओटीवरील मुले ती एका सुरात म्हणत. पुढील गाणे थोर झाले खरे, परंतु ते ऐकावयाचे झाले, म्हणावयाचे राहिले नाही. म्हणून पुतण्यास आमचे सांगणे एवढेच, की मंडळींनी चाल का बदलली याचा खल फार करू नये. नव्या गाण्यातील एखादे तरी घरात चौघांनी मिळून म्हणता येते का, हे आधी पाहावे. आणि येत असेल, तर आजोबांस शेजारी बसवून ते म्हणावे.