जुनी मोटार, नवे धनी

जुनें घर विकत घेतांना मनुष्य पाया पाहतो, आढें पाहतो, पावसाळ्यांत कोठें गळतें तें शेजाऱ्यांस विचारून घेतो. परंतु जुनी मोटार घेतांना तोच मनुष्य बहुधा रंग पाहतो. आम्हींही रंगच पाहिला, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

२०२४ सालच्या मे महिन्यांत आमच्या एकत्र कुटुंबांत ही मोटार आली. ती २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी, लहान आकाराची, आणि ६२,००० किलोमीटर धांवलेली अशी होती. तिच्या कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्यांत कारखान्याचा कांहीं दोष नाहीं. व्यवहार आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, जमविला. विकणारे गृहस्थ त्यांच्या ओळखीचे, सेवानिवृत्त, शब्दाला जागणारे. मोटार हवी होती ती मुख्यत्वें काकूंसाठीं. काकूंचें वय ८२. गुहागरास जाऊन व्याडेश्वराचें दर्शन घ्यावें आणि गणपतीला कोंकणांतल्या घरीं चार दिवस राहावें ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा, परंतु एस. टी.चा प्रवास त्यांच्या गुडघ्यांस आतां सोसत नाहीं, आणि भाड्याची मोटार करूं म्हटलें तर 'एवढे पैसे कशाला?' म्हणून त्या स्वतःच नको म्हणत.

पुण्याहून गुहागरास जावयाचें म्हणजे उंब्रजवरून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. चढ इंजिनाची परीक्षा पाहतो आणि उतार ब्रेकांची. दोहोंपैकीं भय अर्थातच उताराचें. तेव्हां गाडी आल्यावर तिसऱ्याच दिवशीं ती एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्यें दाखविली. तेथील तरुणानें तासाभरांत आमच्या हातीं ४३,८५० रुपयांचें अंदाजपत्रक ठेवलें. इंजिन आंतून धुणें, इंजेक्टर साफ करणें, एसी निर्जंतुक करणें, बुडाला गंजरोधक लेप देणें, इंजिनावर चकाकी आणणारा फवारा मारणें, अशीं त्यांत १९ कामें होतीं. आणि दादांनीं या खात्यांत काढून ठेवलेली रक्कम होती ३०,०००.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत मसलत बसली. वहिनींचें मत, आधीं सीट कव्हरें बदलावींत; जुन्यांना कसला तरी वास येतो. पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळें त्याचें मत यंत्रावरच. त्यानें मित्राकडून एक आगपेटीएवढें उपकरण आणून स्टिअरिंगखालच्या खांचेंत बसविलें होतें आणि मोबाइलवर 'दोष एकही नाहीं' असें सर्वांस दाखविलें होतें. हें ओबीडी उपकरण खोटें बोलत नाहीं. पण ज्या गोष्टीला विजेचा सेन्सर लावलेला आहे तेवढीच त्याला कळते. टायर झिजला, रबराला चिरा पडल्या, ब्रेक ऑइल जुनें झालें, यांतलें त्या बिचाऱ्यास कांहीं ठाऊक नसतें. दादा म्हणाले, "नवें इंजिन ऑइल घाला आणि वापरूं लागा. त्यांनीं सगळें वेळच्या वेळीं केलेलें आहे. मला स्वतः सांगितलें त्यांनीं."

"केलें आहे तें लिहिलेलें कोठें आहे?" हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतीचा. ती बँकेंत नोकरीस असल्यामुळें तोंडी जमाखर्चावर तिचा विश्वास नाहीं.

गाडीच्या खणांत सर्व्हिसची पुस्तिका सांपडली. तींत २०१९ सालापर्यंतच्या, ३८,००० किलोमीटरपर्यंतच्या नोंदी शिक्क्यासह होत्या. पुढचीं पानें कोरीं. पुढचीं कामें गृहस्थांनीं बाहेरच्या गॅरेजांत करून घेतलीं असावींत, आणि त्यांच्या पावत्या कोठेंच नव्हत्या. त्याच खणाच्या तळाशीं मालकासाठींची मूळ मार्गदर्शिकाही होती, आणि ती मात्र कोणी उघडल्याची खूण दिसेना. ती आम्ही रात्रीं दीडपर्यंत वाचीत बसलों. वाचतां वाचतां झोंप उडावी असें तींत एक वाक्य निघालें: आमच्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे, आणि तो अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षें, यांपैकीं जें आधीं भरेल तेव्हां बदलावा.

येथें थोडें विषयांतर करणें भाग आहे. दोन बायका एकाच उखळांत आळीपाळीनें मुसळ घालून कांडतात, तें ज्यांनीं लहानपणीं पाहिलें असेल त्यांस इंजिन समजावयास वेळ लागणार नाहीं. एकीचें मुसळ वर जातें तेव्हां दुसरीचें खालीं येतें. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळतें. इंजिनांत एका बाजूनें पिस्टन वर येतात, दुसऱ्या बाजूनें व्हाल्व्ह खालीं उतरतात, आणि दोहोंचा ताल एका दातेरी रबरी पट्ट्यानें बांधलेला असतो. तो तुटला कीं गाडी जागच्या जागीं बंद पडते. आणि पुष्कळशा इंजिनांत पिस्टन व्हाल्व्हांवर आदळून ते वांकतात, मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशीं बरोबरी करूं लागतो. कांहीं इंजिनांत पट्ट्याच्या जागीं लोखंडी साखळी असते. मारुतीच्या के-मालिकेंतील इंजिनांस ती आहे. आमच्या पुतण्याच्या मामांची वॅगन-आर त्याच जातीची, आणि "काका, आतां सगळ्यांनाच साखळी असते; ती बदलावी लागत नाहीं," हें त्याचें ज्ञान तेथूनच आलेलें होतें. मामांच्या गाडीपुरतें तें बरोबरही होतें.

दुसऱ्या दिवशीं दादांच्या समक्ष त्या गृहस्थांस फोन केला. ते म्हणाले, "बेल्ट ना? बदलला कीं! एकवीस सालीं बदलला." दादांनीं आमच्याकडे असें पाहिलें, कीं आम्हांस पुढें बोलवेना. तथापि पट्टे दोन असतात. एक बाहेरून दिसणारा, डायनामो फिरविणारा. तो किरकिरूं लागला कीं कोणीही मिस्त्री बदलून देतो. दुसरा झांकणाआडचा; तो तुटेपर्यंत चकार शब्द काढीत नाहीं. गृहस्थांनीं कोणता बदलला? त्यांस स्वतःसही सांगतां येईना.

"म्हणजे ते खोटें बोलतात असें तुझें म्हणणें?" फोन ठेवल्यावर दादांनीं विचारलें. त्यांचा चेहरा उतरला होता. व्यवहार त्यांनीं जमविलेला. गाडीवर संशय म्हणजे त्यांच्या माणसावर संशय, आणि पर्यायानें त्यांच्यावर. एकत्र कुटुंबांत पैशाचा प्रश्न नुसता पैशाचा क्वचितच असतो. आम्हीं सांगितलें, कीं गृहस्थ सज्जन आहेत यांत शंका नाहीं; पण ज्या कामाची नोंद नाहीं आणि जें डोळ्यांनीं तपासतां येत नाहीं तें झालेंच नाहीं असें धरून चालणें, हा त्यांच्यावर आरोप नव्हे. दादा कांहीं बोलले नाहींत. वाद मिटविला तो काकूंनीं. त्या म्हणाल्या, "अरे, बिघडलें तर मी दरींत जाईन तें आधीं करा. बिघडलें तर मला घाटांत रस्त्याकडेला बसावें लागेल तें मग करा. आणि वास काय, खिडकी उघडली कीं जातो."

याहून चांगली वर्गवारी आम्हांस नंतर कोणत्याही लेखांत आढळली नाहीं. मोठ्या सेंटरची यादी बाजूस ठेवून आम्ही गल्लीच्या टोंकाच्या एका जुन्या मिस्त्र्याकडे गेलों. त्यापूर्वीं एक बिनखर्चाची परीक्षा घरींच घेतली: रात्रभर गाडीखालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरून ठेवलीं. इंजिन ऑइलचा डाग तपकिरी आणि चिकट असतो, कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी, आणि एसीमधून ठिबकतें तें निव्वळ पाणी. आमच्या कागदावर तपकिरी डाग एकच, रुपयाएवढा. ऑइल सोडण्याच्या नटाखालचा वॉशर गेला होता, इतकेंच.

ब्रेकांची गोष्ट मात्र इतक्यावर थांबली नाहीं. ब्रेक ऑइल हें पावसाळ्यांतल्या मिठासारखें असतें; हवेंतली ओल तें हळूहळू ओढून घेतें. डॉट-४ प्रतीचें नवें ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये अशी अट आहे. त्यांत सुमारें पावणेचार टक्के पाणी मुरलें कीं ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला तर चाकाशीं तेवढी उष्णता उत्पन्न होणें अशक्य नाहीं. ऑइल उकळलें कीं त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा पेडल गादीसारखा खालीं जातो. म्हणूनच तें साधारणतः दोन वर्षांनीं बदलावें असें सांगतात. आमच्या डबींतलें ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचें झालें होतें. पुढचे ब्रेक पॅडही संपत आले होते.

टायर पाहतांना आम्हीं नक्षीची खोली तेवढी पाहिली होती, आणि ती ठीक होती. मिस्त्र्यानें टायरच्या कुशीवरचे चार आंकडे दाखविले. त्यांतले पहिले दोन आठवड्याचे, दुसरे दोन वर्षाचे. चारही टायर १८१७, म्हणजे २०१७ च्या अठराव्या आठवड्यांतले, आणि कडांशीं बारीक चिरा. स्टेपनी ४११३, म्हणजे गाडीबरोबर कारखान्यांतून आलेली ती तशीच. गंमत अशी, कीं १९ कामांच्या त्या अंदाजपत्रकांत टायरांचा शब्दही नव्हता.

टायमिंग बेल्टचें वरचें झांकण काढावयाचें त्या वेळीं दादा आपण होऊन गॅरेजांत आले. मिस्त्र्यानें बॅटरी पाजळली आणि पट्टा बोटानें किंचित् मुरडला. दांतांच्या मुळाशीं रेघांसारख्या चिरा होत्या, आणि पाठीवर कारखान्याचा मूळ छाप अजून वाचतां येत होता. म्हणजे दहा वर्षें तो कोणीच बदललेला नव्हता. दादांनीं वांकून बराच वेळ पाहिलें. मग म्हणाले, "त्यांना ठाऊकच नसणार रे." आम्हीं 'नाहींच' म्हटलें, आणि तेंच खरें होतें.

पट्टा, त्याला ताणून धरणारी पुली, चार टायर, ब्रेक ऑइल व पॅड, इंजिन ऑइल व फिल्टर, कूलंट, एवढें मिळून २६,४०० रुपये झाले. चार टायरांतल्या त्यांत बऱ्या निघालेल्या एकाची स्टेपनी केली. सीट कव्हरें दिवाळीवर गेलीं. मोठ्या यादींतलीं बाकीचीं कामें आम्हीं, थोड्याशा विजयी मुद्रेनें, एका रेघेनें खोडून टाकलीं.

गणपतीच्या दोन दिवस आधीं आम्ही निघालों. काकू, दादा, वहिनी, पुतण्या आणि आम्ही. उंब्रज सोडलें आणि पावसानें गांठलें. पाटण येईतों समोरची कांच जणूं साबणानें माखल्यासारखी झाली. वायपर फिरत होते, पण पाणी पुसण्याऐवजीं सारवीत होते. त्यांचीं रबरें वाळून कडक झालीं होतीं. खोडलेल्या त्या यादींत अकरावें काम 'वायपर ब्लेड' हें होतें, याची आठवण आम्हांस त्याच क्षणीं झाली. वहिनींस ती आमच्या आधींच झाली होती, आणि त्यांनीं ती बोलूनही दाखविली. पाटणांत एका दुकानापुढें पाऊण तास थांबावें लागलें. काकू तेवढ्यांत चहा प्याल्या.

कुंभार्लीचा उतार दुसऱ्या गिअरमध्यें, धुक्यांत, पण निर्धास्त उतरलों. चिपळूणला गाडी थांबली तेव्हां दादांनीं खण उघडून नवी वही बाहेर काढली. ती सौभाग्यवतीनें निघतांना तेथें ठेवली होती आणि तोंवर तिला कोणी हात लावला नव्हता. चष्मा लावून, तारीख घालून, त्यांनीं आपल्या सुवाच्य अक्षरांत पहिली ओळ लिहिली: वायपर ब्लेड, दोन, पाटण, ४५० रु.; आणि पावती त्याच पानाला टांचली.