पाणी न लावता

धुतलं नाही ते स्वच्छ नाही, या समजुतीत मी वाढले. कोकणातल्या आमच्या घरी सकाळ पाण्यानंच सुरू व्हायची. अंगणात सडा, पायऱ्यांवर बालदीभर पाणी, देवाची भांडी चिंचेनं घासून विसळलेली. सतरंजी, जाजम, काहीही मळलं की विहिरीवर न्यायचं. त्यामुळे लोकरीच्या गालिच्याला माझा विरोध होता, आणि तो नुसत्या आवडीनिवडीचा नव्हता. जी वस्तू पाण्यात बुडवता येत नाही तिच्यावर माणसं बसणार, पोरं लोळणार, तिथेच चहा सांडणार, हे मला मुळातच अस्वच्छ वाटे. आज आमच्या पुण्याच्या घरात भदोहीचा गालिचा आहे. तो रोज वापरात आहे आणि वर्षानुवर्षं त्याला पाणी लागत नाही. माझं मत कसं पालटलं ते सविस्तर सांगते, कारण माझं जुनं मत आजही पुष्कळ घरांत आहे आणि त्यापायी चांगले गालिचे अकाली संपतात.

नवऱ्याची बदली वाराणसीला झाली आणि गालिच्यांचा मुलूख दाराशी आला. भदोही आणि मिर्झापूर तिथून जवळच. उभा माग, सुती ताणा, त्या ताण्याच्या दोऱ्यांवर एकेक करून बांधलेली लोकरीची गाठ. गाठींची ओळ पुरी झाली की आडवा धागा घालायचा, लोखंडी पंजानं ठोकून बसवायचा आणि पुढची ओळ धरायची. मोठा गालिचा उतरायला महिनेच्या महिने लागतात. या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे काम आपल्याला अगदी परकं आहे असंही नाही; एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या येरवडा कारागृहात कैद्यांकडून गालिचे विणून घेत. ते सगळं पाहून मला फार आदर वाटला, पण मत काही बदललं नाही. गालिचा सुंदर आहे, मात्र स्वच्छ कसा राहणार, हा प्रश्न जागचा हलला नाही.

तो हलला धुलाईच्या अंगणात. विणून उतरलेला गालिचा तिथे धुतात. फरशीवर पसरतात, वर पाण्याचा लोट सोडतात आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीनं, धाग्याचा कल असेल त्याच दिशेला, पाणी पुढे रेटत नेतात. निघणारं पाणी नितळ येईपर्यंत हे चालतं. ते पाहून मला पहिल्यांदा माझाच मुद्दा सिद्ध झाल्यासारखं वाटलं: बघा, शेवटी पाणीच! पण वापरलेला गालिचा धुवायला आला की आधी काय करतात, हे मी विचारलं. त्याचं उत्तर ऐकून मी विचारात पडले. आधी तो उलटा करून पाठीवर झोडपायचा, धूळ पडायची थांबेपर्यंत. धूळ आत असताना पाणी घातलं तर तिचा चिखल होतो आणि तो गाठींच्या मुळाशी जाऊन बसतो. मग कितीही पाणी ओता. म्हणजे पाण्यात वाढलेली, पाण्यावर पोट असलेली माणसंसुद्धा गालिच्याची स्वच्छता पाण्यापासून सुरू करत नव्हती.

त्यानंतर मी या गोष्टीकडे नीट लक्ष द्यायला लागले. गालिचा झिजतो तो पायांनी, असं आपण म्हणतो. खरं काम वाळूचे कण करतात. ते जड असतात, वरून दिसत नाहीत, थेट बुडाशी उतरतात, आणि आपण वर चाललो की त्यांच्या धारेनं लोकरीचा धागा मुळाशी कापला जातो. आपल्याकडे यात रांगोळीची भर. रांगोळी ही दगडाचीच पूड. दिवाळीत उंबऱ्यावरची रांगोळी पायांना लागून आत येते आणि पुढचे कित्येक महिने गालिच्यात राहते. म्हणून दिवाळीचे चार दिवस मी दाराजवळची कड आत दुमडून ठेवते.

ही धूळ काढायला लागतं ते एवढंच: आठवड्यातून एकदोनदा व्हॅक्यूम, तोही नुसत्या ओढीचा. फिरता ब्रश लावला तर तो धागे उपसतो आणि दशा गिळतो. दशा ही शोभेला लावलेली झालर नसते, ती ताण्याचीच टोकं असतात. ती तुटली की कडेच्या गाठी सुटू लागतात. अधूनमधून गालिचा उलटा घालून पाठीवरून व्हॅक्यूम फिरवायचा. मग उचलून पाहावं, खाली फरशीवर जी बारीक माती पडलेली असते ती पाहून माझ्या आईलासुद्धा पटलं असतं. व्हॅक्यूम नसेल तर केरसुणी पुरे, फक्त धाग्याच्या कलानं, उलट नाही. या यंत्राचा इतिहासही मला अर्थपूर्ण वाटतो. इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथनं १९०१ मध्ये धूळ ओढून घेणारं यंत्र बनवलं, आणि १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतले गालिचे त्यानं साफ केले गेले. राजाच्या समारंभालाही कोरडी स्वच्छताच कामी आली.

दुसरी गोष्ट समजायला मला जास्त वेळ लागला. लोकर म्हणजे केस. सुती कापडाला जे चालतं ते केसांना चालत नाही. आपली कपड्यांची पावडर बरीच अल्कधर्मी असते, आणि पुष्कळ पावडरींत डाग पचवणारी विकरं असतात. ती अंडं, दूध, रक्त यांतली प्रथिनं तोडण्यासाठी घातलेली असतात. लोकर स्वतःच प्रथिन आहे. आपण डागावर पावडर घासतो तेव्हा धागाही त्यात सापडतो. धुण्याचा सोडा तसाच वाईट, आणि कपडे पांढरे करणारं ब्लीच तर लोकर विरघळवून टाकतं.

हळदीचा डाग हे याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण, आणि आपल्या घरात तो पडणारच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणाच्या तरी बोटातून चिमूटभर हळद गालिच्यावर सांडते. कोणी तरी लगबगीनं साबण लावतं आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. हळदीतला रंग अल्काशी गाठ पडली की लाल होतो. पूर्वी हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची प्रक्रिया करून कुंकू करत, ते याच गुणावर. तेव्हा सांडलेली हळद आधी कोरडीच उचलायची, व्हॅक्यूमनं ओढायची, चोळायची नाही. उरलेली पिवळी झाक उजेडानं हळूहळू फिकी होते. चहाचंही तसंच. पांढऱ्या सुती फडक्यानं दाबून टिपायचा, कडेकडून मध्याकडे, फडकं बदलत बदलत. मग थोड्या साध्या गार पाण्यानं ओलावून पुन्हा टिपायचा. मात्र त्याआधी एका कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का ते बघावं. लाल रंग सुटणारा असेल तर घरी एक थेंबही पाणी नको.

आता पाण्याबद्दल. माझं मत पाण्याविरुद्ध गेलं आहे असं कोणी समजू नये. अर्धवट पाण्याविरुद्ध मात्र नक्कीच गेलं आहे. घरी येऊन फेस लावून, ब्रशनं घासून, वरवर फेस ओढून नेणारी धुलाई मला आता पसंत नाही. साबण आत राहतो, चिकट होतो आणि दुप्पट वेगानं धूळ धरतो. त्याहून काळजीची गोष्ट ओलाव्याची. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. वरून कोरडा भासणारा गालिचा आत दमट असतो आणि सुती ताणा सडू लागतो. म्हणून धुवायचाच तर भरपूर पाण्यात, पूर्ण विसळून आणि ऐन एप्रिल-मेमध्ये, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा वाळवून. ते काम जाणत्या धुलाईवाल्याचं. तेही काही वर्षांनी एकदा.

हे सगळं हातगाठीच्या लोकरी गालिच्याबद्दल झालं. बाजारात ‘हातानं केलेला’ म्हणून मिळणारे बरेच गालिचे टफ्टेड असतात. त्यांत गाठ नसते; धागा कापडात टोचून पाठीमागे डिंकासारख्या लेटेक्सनं धरलेला असतो आणि वर दुसरं कापड चिकटवलेलं असतं. तो भिजवला की पाठ सुटते. बांबू सिल्क या नावानं विकतात तो बहुतेक वेळा व्हिस्कोस. ओला झाला की धागा दुबळा होतो आणि पिवळे डाग राहतात. शंका असेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकर जळक्या केसांचा वास देते, व्हिस्कोस कागदासारखा जळतो, प्लास्टिकचा धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. विकत घेण्याआधीच ही चौकशी करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

उन्हाबद्दलही मी थोडी मागे आले. ऊन दाखवलं की सगळं शुद्ध, हे मी मानत असे. कसरीवर ऊन चांगलंच. लोकर खाते ती कसरीची अळी, आणि तिला अंधार नि शांतता लागते. सोफ्याखालचा न हलवलेला भाग ही तिची आवडती जागा. पण रंगही उन्हानंच उडतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा इराणी गालिचा १५३९-४० चा आहे. त्याचे रंग टिकावेत म्हणून त्यावरचे दिवे दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं लावतात. आपल्या घरी एवढा कडकपणा नको, तरी पाठीला ऊन आणि पुढच्या बाजूला सावली, एवढं मी पाळते. दर काही महिन्यांनी गालिचा अर्धा फेरा फिरवते, म्हणजे खिडकीचा उजेड आणि पायांची वर्दळ एकाच बाजूला पडत नाही. सोफा हलवून खालचा भाग झाडणं हाच कसरीवरचा खरा उपाय. डांबरगोळ्या मी बंद केल्या. त्यांची वाफ लहान बाळांना, विशेषतः ज्यांच्यात जन्मतः एका विकराची कमतरता असते त्यांना, अपायकारक ठरते.

कोकणात, भर पावसात, मी गालिचा आजही अंथरणार नाही. तिथे तो गुंडाळून ठेवावा, घडी घालू नये. घडीच्या रेषेवर ताणा मोडतो. प्लास्टिकमध्ये तर मुळीच नाही, आतला दमटपणा कोंडतो आणि बुरशी येते. पुण्यात पावसाळ्यात मी अधूनमधून कड उचलून खाली हात लावून बघते, फरशी गार ओलसर लागली की गालिचा खुर्च्यांवर टाकून पंखा सोडते.

आणि जिथे माझं जुनं मतच बरोबर होतं, तेही लिहायला हवं. माझ्या भाचीच्या मुलाला दमा आहे. घरातल्या धुळीतले सूक्ष्म कीटक त्याला सहन होत नाहीत, आणि कितीही नियमानं झाडला तरी लोकरी गालिचा त्यांना थारा देतोच. त्याच्या खोलीत नुसती फरशी हवी, रोज ओल्या फडक्यानं पुसलेली, असं मी स्वतःहून सांगितलं. डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं. तिचा गालिचा आम्ही दोघींनी उलटा घालून झाडला, दोन दिवस वाऱ्यावर ठेवला, धाग्याच्या कलानं गुंडाळला आणि जुन्या सुती चादरीत बांधून माझ्याकडे आणला. मुलगा मोठा होईपर्यंत तो इथे राहील.