एम.जी.चा कॅमशाफ्ट

जुन्या मोटारींचे कौतुक कोल्हापूरला नवे नाही; दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा तिच्या दर्शनासाठी टाचा उंचावणाऱ्या गर्दीत मीही उभा राहिलेलो आहे. तथापि मामांच्या पश्चात त्यांची १९५७ सालची एम.जी.ए. माझ्या ताब्यात आली, आणि तिच्या कॅमशाफ्टचे उंचवटे झिजून गेल्याचे उद्यमनगरातील आमच्या मिस्त्रींनी नखाने चाचपून दाखवले, तेव्हा निव्वळ कौतुकावर भागेना.

मिस्त्रींना हे एंजिन परके नव्हते. १४८९ घनसेंटिमीटरचे हे एंजिन विलायतेत क्रीडामोटारीचे म्हणून जपले जात असले, तरी त्याचेच सख्खे भावंड आपल्याकडे अँबॅसडरच्या बॉनेटखाली बसून मामलेदारांपासून वऱ्हाडापर्यंत सर्वांना वर्षानुवर्षे इमानाने वाहत होते. मी मात्र विलायती कारखान्यांची पत्रके वाचून शर्यतीच्या शाफ्टच्या मोहात पडलो होतो. मिस्त्रींनी पत्रक बाजूला सारले आणि विचारले, “मालक, गाडी घाटात चढवायची हाय, का शर्यतीत पळवायची? ते आधी सांगा, मग शाफ्ट बघू.”

साऱ्या निवडीचे मर्म त्या प्रश्नात होते. मूळच्या शाफ्टवर आत घेणारी झडप, म्हणजे इनलेट वाल्व, पिस्टन शिखरावर पोहोचण्याच्या १६ अंश आधी उघडते आणि तळ ओलांडल्यावर ५६ अंशांनी मिटते. मधले १८० अंश मिळवले की ती एकूण २५२ अंश उघडी राहते. धूर सोडणारी झडप शिखरानंतर २१ अंशांपर्यंत उघडी असल्याने ३७ अंशांच्या अवधीत दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या सापडतात. हा अवधी वाढवला की वेगवान फेऱ्यांत, बाहेर धावणाऱ्या धुराच्या ओढीने, नवे मिश्रण अधिक भरते. परंतु मंद फेऱ्यांत तोच धूर उलट आत शिरतो, आणि उशिरा मिटणाऱ्या झडपेतून भरलेले मिश्रण परत मागे ढकलले जाते. म्हणजे वरच्या फेऱ्यांत मिळालेले सामर्थ्य खालच्या फेऱ्यांतून वसूल केले जाते; यात कोणाला सूट नाही. त्यातून या एंजिनाच्या क्रँकशाफ्टला आधार अवघ्या तीन बेअरिंगांचा, तेव्हा अतिवेगाची हौस त्याच्या जिवावर बेतणारी. आंबा घाटाच्या वळणांवर एंजिन तीन हजार फेऱ्यांच्या आसपास रेंगाळते, हे ध्यानी घेऊन मी शर्यतीचा नाद सोडला आणि सुमारे २७० अंशांचा मध्यम शाफ्ट मुक्रर केला.

जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारा प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना १९९२ पासून आपल्या सोलापुरात आहे. पण तो हिशेब लाखांचा, माझी गरज एका नगाची. अखेर जकात भरून तो जिन्नस इंग्लंडहून मागवला, आणि सोबत नवे टॅपेटही, कारण जुन्या टॅपेटवर नवा शाफ्ट चढवणे म्हणजे तो जाणूनबुजून झिजवणे होय.

एंजिन बाहेर काढून, डिस्ट्रिब्यूटर आणि तेलपंप यांचे दांडे सोडवून, बाजूच्या झाकणांतून टॅपेट उचलल्यावर जुना शाफ्ट पुढून सरकत बाहेर आला. नवा बसवणे सोपे. तो योग्य अंशावर बसवणे अवघड. साखळीच्या चाकांवरील खुणा जुळल्या म्हणजे काम फत्ते, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो मिस्त्रींना मुळीच मान्य नव्हता. शिखरावर पिस्टन क्षणभर थबकल्यासारखा होतो, त्यामुळे नुसत्या नजरेने शिखर सापडत नाही. म्हणून त्यांनी डायल गेज लावून शिखराच्या अलीकडे आणि पलीकडे समान उंचीचे अंश टिपले व त्यांचा मध्य काढला. झडपेच्या पूर्ण उघडीचा बिंदूही त्याच रीतीने शोधला, तेव्हा खुणा तंतोतंत जुळूनही शाफ्ट चार अंश मागे असल्याचे सिद्ध झाले. तिरकस चावी घालून ती तफावत दूर केली. ज्या उद्यमनगराने शेतकऱ्यांसाठी ऑइल एंजिने घडवली, तेथील कसबी हातांची ही शिस्त मला कोणत्याही पदवीहून मोलाची वाटते.

एंजिन प्रथम सुरू झाले तेव्हा त्यास मंद चालण्याची मुभा नव्हती. टॅपेटला तेल मुख्यत्वे फिरत्या क्रँकशाफ्टच्या उडणाऱ्या शिंतोड्यांनी मिळते. म्हणून जस्तयुक्त तेल भरून वीस मिनिटे दोन हजारांच्या वर फेऱ्या ठेवल्या, आणि त्या गर्जनेने शेजारच्या लेथवरील मंडळी काम तहकूब करून दारात जमली.

आता साखरप्याकडून आंबा घाट चढताना, पूर्वी जेथे गाडी दुसऱ्या गिअरची याचना करी, तेथे ती तिसऱ्यातच निमूट चढते. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला मात्र ती किंचित थरथरते; जुळे कार्बोरेटर पुन्हा जुळवून, मंद फेऱ्या नऊशेवर आणूनही ती थरथर गेली नाही. मिस्त्री म्हणतात, जाणारही नाही.