दादा तळ्यावर होते

महाडातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारा, २० मार्च १९२७ ला त्यांचे आजोबा चवदार तळ्यावर होतेच. आमचे दादाही होते. कुणाच्या बाजूने, हे मात्र कुणी सांगत नाही. बाबासाहेबांबरोबर पाणी प्यालेले होते. सत्याग्रही वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठताच लाठ्या घेऊन धावलेलेही होते. मागाहून १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करणारेही. आत्याला खोदून विचारलं, तर म्हणते, “होते म्हणजे होते.”

घरच्या आठवणी लिहिताना साल चुकेल याची मला फारशी धास्ती नसते. तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, हे पुस्तकांत सापडतं. त्या वेळच्या महाड परिषदेसाठी झटलेल्या दासगावच्या कॉम्रेड आर. बी. मोरे यांचं आत्मचरित्र अपुरं राहिलं, पुढचं चरित्र मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी लिहिलं. आपला माणूस कुठे उभा होता हे सांगताना त्या घराला अडखळावं लागलं नसेल. अडखळतो ते आम्ही.

त्यात २२ जुलै २०२१ चा पूर. दादांच्या रोजकिर्दींची ट्रंक चिखलात गेली. वह्या पंख्याखाली वाळवल्या, पानं पापडासारखी कडक झाली, अक्षर उरलं नाही. गंमत म्हणजे, कागद होते तोवर आत्या जपून बोलायची. आता दादांनी तळ्यावर भाषणही केलेलं असतं!

म्हणून मी तळ्याचं विचारणं सोडलं, भांड्यांचं विचारू लागलो. मोठा प्रसंग काढला की माणसं ऐकलेलं सांगतात. कुठलं भांडं कुठे असायचं म्हटलं की पाहिलेलं.

पोलादपूरच्या गावच्या घरी पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला निळा कप उपडा असायचा, राबायला येणाऱ्या गड्यांसाठी. चहा वरून ओतायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. बहीण म्हणते, कप कोनाड्यात नव्हे, वळचणीला खोचलेला असे. मी दोन्ही जागा लिहून ठेवल्या.

मजकूर घरात वाचून दाखवला. चुलतभाऊ म्हणाला, “ते कपाचं काढून टाक, कुणाकडे नव्हतं तेव्हा?” आत्या मध्येच म्हणाली, “निळा कुठला रे? पांढरा होता, हिरव्या काठाचा.”