पाठीवरचा संसार

माणसाने आपली पडशी एकदा ताणकाट्याला अडकवून पाहावी. स्वतःविषयीचे बरेच भ्रम दूर होतात. चातुर्मास संपला की ओंकारेश्वराहून पायी नर्मदा परिक्रमेला निघायचे, असे आम्ही दोघांनी ठरविले होते. पुढे हिच्या गुडघ्यांनी नकार दिला, आणि मी एकट्याचेच सामान भरले. वाट अडीच हजार किलोमीटरांहून अधिक! दोन कांबळी, चार जोड कपडे, औषधांचा डबा, तीन पुस्तके... काटा चौदा किलोंवर थांबला.

"एवढे कशाला हो?"

"अगं, अडीअडचणीला असावे."

ही नुसती हसली. मग मीच एकेक वस्तू बाहेर काढू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की मी सामान भरलेच नव्हते. भीती भरली होती. जादा कांबळे थंडीची, औषधे म्हातारपणाची, पुस्तके एकटेपणाची!

परिक्रमेची रीत किती साधी! नदी उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, सदावर्तात मिळेल ते शिजवून खायचे. बरोबर तिचेच थोडे जल, कुपीत भरून न्यायचे.

काटा सहा किलोंवर आला. मी खूश झालो. तेवढ्यात हिने माझ्या कुपीशेजारी आणखी एक रिकामी कुपी हळूच ठेवली.

"ही माझ्या वाटची. भराल ना?"

घरी एकटे राहण्याचे तिचे ओझे मी कधी तोललेच नव्हते.

पडशी पुन्हा काट्याला लावली नाही.