झाड नसलेली जमीन

मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री सुरू झालेली झाडतोड सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला थांबवली, तोवर 2,141 झाडं गेली होती. या झाडतोडीविरुद्धच्या आंदोलनाने मुंबईला जागं केलं, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण तेव्हापासून सगळा वाद झाडांच्या आकड्याभोवती फिरत राहिला. झाडं तोडू नका असं एक बाजू म्हणाली, तेव्हा त्याहून जास्त रोपं दुसरीकडे लावतो, हे उत्तर दुसऱ्या बाजूकडे तयार होतं. जमीन झाडांवरूनच मोजायची ठरली, की जिथे झाडं विरळ आहेत तिच्या बाजूने बोलायला काही उरत नाही. पवई तलावामागच्या टेकड्यांपासून आरेपर्यंत पसरलेल्या गवताळ, झुडपी उतारांचं नेमकं हेच झालं आहे. हे उतार जसे आहेत तसेच राखले पाहिजेत, आणि त्यांना बिल्डरइतकाच धोका वृक्षारोपणाच्या मोहिमांचाही आहे, असं माझं ठाम मत आहे.

इथला काळा कातळ जागोजाग उघडा आहे आणि त्यावरची माती पातळ. पावसाळ्यात त्यावर कमरेएवढं गवत चढतं, तेरडा फुलतो, कुर्डू डोलतो. उन्हाळ्यात सगळं पिवळं पडतं आणि अनोळखी माणसाला तिथे काहीच नाही असं वाटतं. पण रातवा घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. टिटवीचंही तसंच. चंडोल, तीरचिमणी, लावा यांना सावली नको, मोकळं रान हवं. वटवट्याला उंच गवत लागतं आणि गवतातल्या किड्यांवर त्याची पिल्लं पोसली जातात. आरेचं नाव ज्याच्या शास्त्रीय नावात आहे असा एक विंचूही याच परिसरातून जगाला कळला. झाडांच्या मोजणीत तो कसा येणार? बिबट्या शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाची हद्द ओळखत नाही, तो आरेत आणि पवईच्या आयआयटीपर्यंत येतो, आणि त्याला या झुडपांचा आडोसा मिळतो. शिवाय गवताची मुळं उतारावरची माती धरून ठेवतात. पवई तलाव गाळाने भरत चालला आहे, हे तक्रारीच्या सुरात सांगणाऱ्यांनी वरच्या उतारांकडेही पाहायला हवं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. हे माळ मूळचे नाहीत. चराई, लाकूडतोड, वणवे आणि 1949 पासूनची आरेची दूध वसाहत यांनी जंगल मागे हटवलं, मग ते परत का आणू नये? माणसाचा हात इथे आहे, हे मला मान्य आहे. पण पवई तलावही 1891 चा, धरण बांधून केलेला, आणि म्हणून तिथल्या मगरी कमी मोलाच्या ठरत नाहीत. इंग्लंडमधल्या डॉर्सेटचे हीथ, म्हणजे नापीक, वालुकामय मातीवरची झुडपी माळरानं, हेही हजारो वर्षांच्या तोडीतून, चराईतून आणि जाळण्यातूनच मोकळे राहिले. एकोणिसाव्या शतकापासून त्यांचा बहुतांश भाग शेती, लागवडीची जंगलं आणि घरांखाली गेला. आता उरलेल्या तुकड्यांवर निसर्गरक्षकच पाइन आणि बर्चची रोपं उपटतात, गुरं सोडतात, कारण तिथले साप, सरडे आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी झाडांच्या गर्दीत टिकत नाहीत. गावकऱ्यांना तेही आधी विचित्रच वाटतं.

लांब जायची गरज नाही. माळढोकसाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं त्या सोलापूरच्या नान्नज परिसरातही गवताळ माळावर झाडं लावली गेली. माळढोक दिसेनासा होण्यामागे ऊस, कालवे, विजेच्या तारा अशी आणखी कारणं आहेत, सगळा दोष झाडांवर टाकणं अन्यायाचं होईल. तरीही ज्या पक्ष्याला दूरवरचं दिसायला हवं, त्याच्या रानात आडोसे उभे करणं ही चूकच होती. 2019 मध्ये राज्याने एका पावसाळ्यात 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. एवढी रोपं लावायची तर मोकळी जमीन शोधावी लागते, आणि मोकळी म्हणजे बहुधा माळच.

शहर तापतंय, सावली हवी, हे म्हणणं खरं आहे. मग ती रस्त्याकडेला, सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या मैदानांच्या कडेला द्यावी. माणूस तिथे चालतो. घरांची गरजही खरी आहे, पण रिकामी दिसते म्हणून जमीन रिकामी ठरवण्याची सवय जुनी आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी जमीन हा एक प्रकारच आहे. विदर्भातलं झुडपी जंगल हे जंगलच, हे सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावं लागलं.

आरेतली 812 एकर जमीन 2021 मध्ये वनखात्याकडे आली. तिचा आराखडा करताना कुठे झाडी आहे आणि कुठे गवत, याची वेगळी नोंद आधी व्हावी. गवताच्या पट्ट्यात एकही खड्डा खणू नये. घाणेरी, सुबाभूळ आणि गिरिपुष्प तिथे पसरत असतील तर काढावेत, वणव्यावर लक्ष ठेवावं, आणि गवत कधी व किती कापायचं हे ठरवताना पाड्यांवरच्या वारली कुटुंबांना विचारावं. ती या उतारांवर दूध वसाहतीच्या आधीपासून राहतात.