एका घरातील दोन दुखणी

मामाच्या घराची ओढ कोणाला नसते? फोंडा तालुक्यातील आमच्या मामांच्या घराची आठवण झाली, की सोप्यावर पानाचे तबक पुढ्यात घेऊन बसलेले मामा आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी उभी असलेली मामी, ही दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. मामांचे बोलणे मिश्किल, मामीचे मोजके. एकाच वर्षात त्या दोघांनाही कर्करोगाने गाठले.

मामांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला होता. तिखट लागले की तो झोंबे. डॉक्टरांकडे चलण्याचा आग्रह केला, तर तंबाखूची चिमूट ओठांआड सारीत ते म्हणत, "चुन्यान भाजलां गो, आनी कितें!" पुढे तोंड पुरते उघडेनासे झाले, तेव्हा कोठे ते रुग्णालयात गेले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. परंतु फार उशीर झाला होता. वर्षाच्या आत मामा आम्हाला सोडून गेले.

ते सारे वर्ष मामी त्यांच्या उशाशी बसून होती. पातळ पेज चमच्याचमच्याने भरवावी, रात्र जागून काढावी, हाच तिचा दिनक्रम. तिचा चेहरा ओढलेला दिसे. विचारले, तर उत्तर ठरलेले, "कांयच ना गो." मामांचे तेरावे झाले आणि एका दुपारी तिने माझा हात धरून आपल्या छातीवरील गाठीवर ठेवला. ती गाठ आठ महिन्यांपूर्वीच तिच्या हाताला लागली होती! मी रागावले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तांचें दुयेंस आसतना हांवें म्हजें कितें सांगपाचें?" मी निरुत्तर झाले. आठ महिने मी तिच्या शेजारी बसत होते; पण मामांच्या प्रकृतीखेरीज दुसरे काही मी तिला मनापासून विचारलेच नव्हते.

सुदैवाने रोग दूरवर पसरला नव्हता. उपचार झाले आणि आज सात वर्षांनंतर मामी आमच्यात आहे.

या रोगापुढे स्त्री आणि पुरुष सारखे नसतात, हे मला पुढे वाचनातून कळले. जगात सुमारे नऊ पुरुषांत एकाला आणि सुमारे बारा स्त्रियांत एकीला या रोगाने मृत्यू येतो. आपल्या देशात 2022 सालच्या अंदाजाप्रमाणे नवे रुग्ण स्त्रियांत सुमारे 7 लाख 22 हजार, तर पुरुषांत सुमारे 6 लाख 91 हजार होते. म्हणजे रोग स्त्रियांना किंचित अधिक. मृत्यू मात्र पुरुषांचे अधिक.

असे का व्हावे? काही भाग निसर्गाचा आहे. स्त्रीच्या पेशीत एक्स गुणसूत्रे दोन, पुरुषाच्या पेशीत एकच. पेशींच्या बेताल वाढीला आवर घालणारी काही जनुके या गुणसूत्रावर असतात. एक बिघडले तरी दुसरे राखण करीत असावे, असे संशोधक मानतात. तथापि निसर्ग नेहमीच स्त्रीची बाजू घेतो असे नाही. कंठग्रंथीचा कर्करोग स्त्रियांनाच अधिक होतो. स्तनाचा कर्करोग केवळ स्त्रियांचा ही समजूतही खरी नव्हे. शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतोच.

उरलेला भाग आपल्या वागणुकीचा आहे. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्यामागे मुख्यतः तंबाखू आहे. स्त्रियांत स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक. हे दोन्ही लवकर ओळखता येतात. दुसऱ्याला तर लसीने बऱ्याच अंशी आळाही घालता येतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून वीस वर्षे तेथील गरीब वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित सेविकांनी ठराविक काळाने केवळ हातांनी केली. या गटातील पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. मोठे यंत्र नव्हे, तर जाणता हात आणि संकोच सोडण्याची तयारी, एवढ्यावर हे साधले.

मामांनी दुखणे हसण्यावारी नेले, मामीने ते पदराआड झाकले. एकाचा हट्ट, दुसरीचा संकोच; वाट मात्र दोघांचीही उशिराचीच. मामी वाचली, यात तिच्या मौनाचे श्रेय काही नाही.

विद्यार्थिमित्रांनो, घरातील कोणाच्या तोंडातील चट्टा वा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी होत नसेल, तर त्यांना डॉक्टरांकडे नेण्याचा हट्ट धरा. तुमच्या हट्टापुढे मोठी माणसेही नमतात. तंबाखूला स्वतः कधी शिवू नका. आणि सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवायला बसणाऱ्या आईला, आजीला, मामीला एकदा जवळ बसून विचारा, "तुला बरे आहे ना?" ती "काही नाही" म्हणाली, तर उठून जाऊ नका. पुन्हा विचारा. मी ते विचारायला आठ महिने उशीर केला.